बाबांची गाडी चालू होत नाही, त्याबद्दल

सोमवार, दुपार

तीर्थरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनातच वाकले आहे; तू मात्र पुरती वाकले असं धरून आशीर्वाद दे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला? गॅरेज मुलाच्या हाती सोपवून तू आता नुसता खुर्चीत बसतोस असं कळलं, आणि बसल्या जागेवरून सगळ्यांवर ओरडतोस असंही कळलं. म्हणजे तब्येत उत्तम असणार.

पत्रास कारण की, बाबांची गाडी आठ दिवस झाले चालू होत नाही. आणि बिघडायला मुहूर्त कसा साधला बघ, येत्या रविवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक यायचं आहे. हो, गाडी विकतोय. तुला कळवायचं राहिलं. झालं असं, की गेल्या महिन्यात एका लग्नाला निघालो असताना ती भर चौकात थांबली. नवी कोरी साडी सावरत मी मागून धक्का मारला आणि संतापाच्या भरात यांना म्हणाले, "विकून टाका एकदाचं हे धूड!" आता तीस वर्षांत मी यांना हजार गोष्टी सांगितल्या असतील. नळाचा वायसर बदला म्हणून दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय. पण ऐकायची म्हणून यांनी नेमकी हीच ऐकली, आणि चौथ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांना शब्द देऊन मोकळे! आता मी 'नको' म्हणावं, तर माझ्या बोलण्याला घरात काय किंमत राहील? म्हणून मी गप्प. हेही गप्प. (ज्या गाडीत बाबांनी यांना गिअर टाकायला शिकवलं, जिच्यातून लग्नानंतर आम्हाला या घरी आणून सोडलं, ती विकताना या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नाही. पुरुषांचं काळीज कशाचं असतं देव जाणे.)

डॉक्टर बघायला आले तेव्हा गाडी छान चालत होती. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत टॉर्च मारला, इथेतिथे बोटानं ठोकून पाहिलं. दुखतंय का एवढंच विचारायचं बाकी ठेवलं. अट एकच घातली, रविवारी समोर चालू झाली तरच घेऊन जाईन.

आणि दुसऱ्याच दिवशी हे गाडी पुसून चावी फिरवतात तर सेल्फ फिरतोय घर्र घर्र, इंजिन ढिम्म. यांनी चोक ओढला, चोक ढकलला, पुन्हा ओढला. बॅटरी चार्ज करून आणली. टाकीत काठी बुडवून पाहिली, पेट्रोल भरपूर. प्लग काढून घासले आणि तव्यावर गरम केले. (माझ्या तव्यावर! त्या दिवसापासून घरातलं सगळं पेट्रोलच्या वासाचं खातोय.) मग समोरचे घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून आले आणि टायमिंग चुकलंय म्हणाले, त्यांना माणसाच्या तापातसुद्धा टायमिंगच दिसतं. वरच्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर म्हणाले, आधी नीट समजून घेऊ, आणि त्यांनी दोन तास बसून इंजिनाचं चित्र काढलं. चित्र सुरेख आलंय. शेवटी सगळ्यांनी मिळून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली, आणि तिथून परत ढकलत आणली.

मधे घड्याळवाले डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायला निघाले. मी चटकन पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, ही टोपी बाबांनी स्वतःच्या हातानं बसवली होती हो. बिचारे ओशाळून मागे सरले. मग ते कार्बोरेटरकडे वळले, तर हे आडवे आले. कार्बोरेटर म्हणे फार नाजूक असतो, त्याला कुणी बोट लावायचं नाही. मास्तरांनी मेकॅनिकला बोलवू या का विचारलं, तर हे म्हणाले, कशाला उगीच, बघू रविवारपर्यंत. यांचं सध्या लक्षच थाऱ्यावर नाही. रोज सकाळी पेन्सिलीनं शब्दकोडं सोडवतात, ते हल्ली चुकलं की खोडत नाहीत, चुकीच्या शब्दावरच दुसरा शब्द गिरवतात. पाहिलं तर पेन्सिलीच्या मागचं रबरच गायब! नवी कोरी पेन्सिल. विचारलं, तर म्हणाले झिजलं.

असो. तू काळजी करू नकोस, गुडघ्याला शेक घे आणि ओरडणं थोडं कमी कर.

तुझी धाकटी

ता. क. — तुझ्याशी खोटं बोलवत नाही. परगावी गाडी उभी केली की बाबा काय करायचे आठवतं? डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतला अंगठ्याएवढा रोटर काढायचे आणि कोटाच्या खिशात टाकायचे. आता चोरानं खुशाल न्यावी, म्हणायचे, पण ढकलत. तर तो रोटर आठ दिवस माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, बटणांखाली. पण डॉक्टर रविवारी स्वतःचा मेकॅनिक आणणार आहेत, तो टोपी उघडणारच. माझ्या पदराला तो काय भीक घालतोय! तेव्हा तू शनिवारीच ये. बॉनेटमध्ये डोकं घाल, तोंड गंभीर कर, आणि हिचं आता काही खरं नाही असं यांना सांगून टाक. एवढं करच. बाबांची गाडी आहे रे.

आणखी एक (मंगळवार) — पत्र टाकलं नव्हतं ते बरं झालं. सकाळी खिडकीतून पाहिलं तर हे एकटेच गाडीत बसलेले, चावी न लावता, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. मला कसंसंच झालं. माणसानं शब्द दिलाय आणि मी त्याचं चारचौघांत हसं करतेय. हे भाजी आणायला गेल्यावर मी निमूटपणे रोटर जागेवर बसवला आणि चावी फिरवली. घर्र घर्र. ढिम्म! म्हणून बाबांनी शिकवलं होतं तसं एकेक बघत गेले. करंट येत होता, पेट्रोल येत नव्हतं. कार्बोरेटरला येणारी नळी सोडवली, तर तिच्या तोंडात गुलाबी बूच. पेन्सिलीच्या मागचं रबर, पेट्रोल पिऊन टम्म फुगलेलं! दादा, मी तिथेच पायरीवर बसून पोट धरून हसले, आणि मग रडलेही. नंतर नळी बुचासकट होती तशी लावली. रोटर पुन्हा बटणांत. (यांना ऐन वेळी पश्चात्ताप झाला तर गाडी डॉक्टरांसमोर चालू व्हायची. यांचा काही भरवसा नाही.)

अगदी शेवटचं — पेटीत टाकायला निघाले, तर यांनी एक पाकीट हातात दिलं, टपालपेटीकडेच चाललीस तर हेही टाक म्हणाले. तुझ्या नावाचं आहे. तीस वर्षांत यांनी तुला एक ओळ लिहिलेली नाही. पाकीट चिकटवलंय, मी उघडलेलं नाही. पण पत्ता पेन्सिलीनं लिहिलाय, आणि घर नंबर चुकलाय तो खोडलेला नाही, त्याच्यावरच गिरवलाय. आत जे काही मागितलं असेल त्याला हो म्हण. आणि मी काय मागितलंय, ते यांना बिलकूल कळू देऊ नकोस.