हिरवळीकाठची खुर्ची

अण्णा, तुमचं लॉन अजून हिरवंगार आहे, आणि ते बघून माझा जळफळाट होतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाशिक रोडच्या घरापुढच्या त्या एवढ्याशा तुकड्यात हरळी तशीच दाट आहे. गणपतीत गल्लीतल्या बायका अजून तिथंच दूर्वा खुडायला येतात आणि म्हणतात, अण्णांचा हात सुनेकडे आला हो. सुनेकडे! पोटची लेक मी, तिथंच चहाचा कप घेऊन बसलेली असते. वहिनी नुसती हसते. तिचं ते हसणं मला मिरचीसारखं झोंबतं.

ते रविवार आठवतात. लग्न होऊन मी गंगापूर रोडला राहायला गेले आहे आणि रविवारी सकाळी माहेरी येते. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले तुम्ही लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून लॉनमध्ये पाटावर बसलेले असता. शेजारी वहिनी, नवी नवरी, सटाण्याकडची, हातात खुरपं. तुम्ही तिला दाखवत असता, की लव्हाळा नुसता उपटायचा नाही, खालची गाठ निघेपर्यंत खणायचं. पाणी रोज शिंपडायचं नाही. चार दिवसांनी द्यायचं, पण मुरेपर्यंत द्यायचं, म्हणजे मुळं खाली जातात. गवताचे शेंडे तेवढे कापायचे, हजामत करायची नाही. मी ओढणी खोचून पुढं आले की तुम्ही हात आडवा करता. "माहेरवाशिणीनं मातीत हात घालायचा नाही. बस." आणि स्वतः उठून व्हरांड्यातली खुर्ची आणून ठेवता. एकदा मी हट्टानं खुरपं उचललं, तर केवढे चिडलात. लेक चार घटका आली आणि बापानं तिला कामाला जुंपलं, असं लोक म्हणतील म्हणे. त्या दिवशी मी चहा न घेताच निघाले. तुमच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

यंदा आमच्या बंगल्यापुढं मी लॉन केलं. वहिनीला काही विचारायचं नाही, असं ठरवूनच केलं. निफाडहून दिरांनी ट्रॉलीभर शेणखत पाठवलं. ताजंच होतं, अजून वाफा निघत होत्या. शेतकऱ्याच्या घरात दिलेली मी, मला शेणखताचं कुणी काय शिकवावं? चांगला जाड थर दिला. आधी गवत असं तरारलं की मी मनात म्हटलं, आता येऊ देत त्या गल्लीतल्या बायकांना इकडे. गणपती उठले आणि गवत पिवळं पडायला लागलं. ऊन लागलं असेल म्हणून मी रोज पाणी मारत राहिले. एका सकाळी पिवळ्या भागाला हात लावला, तर गवत सतरंजीसारखं उचलून वर आलं. खाली मुळंच नव्हती. पांढऱ्या, गलेलठ्ठ अळ्या वेटोळी करून पडल्या होत्या. मी तिथंच रडले आणि नाक मुठीत धरून वहिनीला फोन केला.

ती दुपारच्या आत आली, ओल्या गोणपाटात तुमच्या लॉनची हरळी गुंडाळून घेऊन. माती उकरून बघितली. "हुमणी शे ही, ताई." गडबडीत तिच्या तोंडून माहेरची बोली येते. कच्च्या शेणखतातून येते म्हणाली. अण्णा खत वर्षभर कुजवायचे, चाळायचे, आणि मगच मूठमूठ पसरायचे. टोमणा एकही मारला नाही तिनं. मारला असता तर बरं वाटलं असतं मला. आम्ही दोघी अळ्या वेचायला लागलो, साळुंक्यांची चंगळ झाली. ती तुमच्यासारखीच खुरपं तिरकं धरत होती. ते बघवेना, तेव्हा मी बोलून गेले, "तुला सगळं शिकवलं त्यांनी. मला एक काडी उपटू दिली नाही."

वहिनी खाली बघूनच बोलली. "ताई, तुम्हाला ते खुर्ची आणून द्यायचे. मला इतक्या वर्षांत एकदासुद्धा बस म्हणाले नाहीत. कंबर धरायची माझी, आणि तुम्ही समोर खुर्चीत. किती जळायचे मी तुमच्यावर."

मी हातांची माती झटकली. मग उठले, घरातली वेताची खुर्ची आणली, लॉनच्या कडेला ठेवली आणि तिला म्हटलं, बस. चहा आणून दिला. तिचे डोळे भरून आले. खुरपं खाली ठेवून ती बसली. तुमची हरळी मी एकटीनं लावली, संध्याकाळपर्यंत. ती खुर्चीतून सांगत होती, ताई, खोल नको, ताई, जरा अंतर ठेवा, अगदी तुमच्या सुरात. आता फुटवे धरलेत, अण्णा. विरळ आहेत, पण हिरवे आहेत.

वहिनीनं घरी जाऊन दादाला सांगितलं, ताईंनी आज मला केवढा मान दिला. म्हणून हा कागद तिच्या हाती पडता कामा नये, आणि तुमच्यापर्यंत तर तो पोचायचा नाहीच. ती खुर्ची मी तिच्या कंबरेसाठी आणली नव्हती, अण्णा. ती बसल्याशिवाय तिच्या हातातलं खुरपं मला मिळालं नसतं.