सात नंबरचा फोटो

पालघर,
१९ फेब्रुवारी १९६७

प्रिय विजू,

तुझं तीन ओळींचं पत्र आणि नातीचा फोटो मिळाला. आईच्या दिवसांना येऊन गेलीस, त्यानंतर दीड वर्षाने बापाची आठवण झाली म्हणायची! चिमीचा सुळा पुढे आलाय, तार कधी लावायची, असं विचारलंस. सांगतो, पण आधी माझी एक फजिती ऐक. तुझी आई गेल्यापासून ऐकायला घरात कुणी नाही.

दवाखाना बरा चाललाय. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघाल्यापासून बोईसरहून कामगार येतात, हिंदीत कण्हतात, दात उपटून घेतात आणि जातात. दात सरळ करून घ्यायला मात्र काळं कुत्रं फिरकत नाही. त्यामुळे तुझ्या पत्राच्याच आठवड्यात मुंबईच्या कॉलेजातून पाकीट आलं, तेव्हा मी हरखलोच. आत वीस फोटो, नाकाखालून हनुवटीपर्यंत कापलेले. कोणतं हसणं किती सुंदर, त्याला आम्हा जुन्या दंतवैद्यांनी दहापैकी गुण द्यायचे. मी फूटपट्टीच घेऊन बसलो. वरच्या दातांचा मध्य सरकलाय का, हिरडी किती दिसते, दातांच्या कडा खालच्या ओठाच्या वळणाने जातात का. सात नंबरच्या पोरीला तीन गुण दिले. सुळा पुढे, हिरडी फार. सोळा नंबरला नऊ. एक गुण सवयीने कापला, माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

दुसऱ्या दिवशी तारापूरची जयवंती आली. मासळी विकते. दाढेत औषधाचा बोळा धरून बसली होती आणि फोटो टेबलावर पसरलेलेच होते. तिने सात नंबर उचलला. म्हणाली, ही पोर खरी हसतेय. मग सोळा नंबरवर बोट ठेवलं, हिला कोणाचा तरी धाक हाय. मी म्हटलं, बाई, तुला यातलं काय कळतंय? तर म्हणते, आमी बाजारात रोज तोंडंच बघतो डाक्टर, आणि दोनी फोटोंत पोर एकच हाय, ओठाखालची खूण बघा की.

विजू, तू झोपाळ्यावरून पडलीस तेव्हाची ती खूण. टाका मीच घातला होता. तारेआधीचा आणि तारेनंतरचा, असे तुझे दोन्ही फोटो त्या वेळी कॉलेजला पाठवणाराही मीच, मोठ्या अभिमानाने. सगळं मोजलं आणि पोटची पोर ओळखली नाही! फार लाज वाटली गं. तारेआधी घरचे फोटो काढताना दरवेळी ‘ओठ मीट, विजू’ म्हणायचो. तुझी आई चिडायची, पण मी कुणाचं ऐकतोय! दात ओळीत आले, तरी तू तोंडावर हात धरूनच हसत राहिलीस. लग्नाच्या फोटोतसुद्धा तुझे ओठ घट्ट मिटलेले आहेत. काल काढून पाहिला.

आता चिमीचं. खरं सांगतो, तुझं पत्र वाचताक्षणी मी मनात मांडे खाल्ले. तार लावायची म्हणजे दोन वर्षं, बडोद्याहून दर महिन्याला एक खेप. चोवीस वेळा तुम्ही दोघी माझ्या दारात! आतली खोली झाडून घेतली. दंतवैद्य असून लिमलेटच्या गोळ्यांची बरणी भरली. ‘ताबडतोब घेऊन ये’ असं पत्रही लिहून ठेवलं होतं. जयवंती गेल्यावर ते फाडलं. चिमीचा फोटो तुझ्या सात नंबरशेजारी ठेवला आणि फूटपट्टी न घेता पाहिला. पोर काय खळखळून हसतेय! चावताना त्रास होत नसेल, तर तिला तार नको. फोटो काढताना ओठ मीट म्हणूनही सांगू नकोस. म्हणजे दातासाठी पालघरला यायचं काही कारण राहिलं नाही. विजू, बिनकारणाची येशील का गं?

तुझाच,
अण्णा