बाबांची गाडी, पंचवीसपट लहान

३ मार्च, सोमवार

कापली एकदाची. पुढची सीट सोडून मागचं सगळं – छप्पर, दोन दारं, डिकी. बारीक करवतीनं, थांबत थांबत, अडीच तास. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते, हात कधी हलत नाही. आज मात्र तीनदा करवत खाली ठेवली. डब्यातून नवीकोरी निघालेली प्लॅस्टिकची मोटार, तिला करवत लावायची म्हणजे जिवावर येतं!

बाबांनी तर खऱ्या मोटारीला लावली होती. माझ्या जन्माआधी. मागून चेपलेली एक लांबडी जुनी मोटार त्यांनी भंगारातून आणली, चेपलेला भाग कापून टाकला आणि तिथं क्रेन बसवली. झाली टोइंगची गाडी. बावीस वर्षं तिनं बंद पडलेल्या, खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढल्या. शेवटी स्वतःच भंगारात गेली. मी करतेय ते तेच, फक्त पंचवीसपट लहान.

बाबा समोर बसून बघत होते. झटका येऊन पाच महिने झाले. उजवा हात मांडीवर पडून असतो आणि शब्द गेलेत. वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांनी जन्मभर जे केलं ते त्यांच्यासमोर ठेवून बघा. कामामागून शब्द येतात कधीकधी." म्हणून हा सगळा खटाटोप.

कापलेलं छप्पर खाली पडलं. बाबांनी डाव्या हातानं उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.

४ मार्च, मंगळवार

आईनं सदरा धुवायला घेताना खिशातून छप्पर काढलं. "वाचा गेली, पण भंगार गोळा करायची खोड काही गेली नाही." बाबा हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले.

७ मार्च, शुक्रवार

बाबांकडे एकच शब्द उरलाय – "बरोबर". चहा हवा, बरोबर. टीव्ही बंद कर, बरोबर. माझं काही चुकलं की सगळ्यात मोठ्यांदा बरोबर. आम्ही आता शब्द ऐकतच नाही, सूर ऐकतो.

आज क्रेनचा दांडा केला. आधाराला एकुलता एक फोटो. खड्ड्यातून काढलेली दुधाची व्हॅन मागे हुकाला अजून लटकलेली, आणि पुढे बाबा केबिनच्या दाराला टेकून उभे. सहा फुटांचा माणूस, अर्धं दार आणि अख्खी खिडकी अंगानं झाकलेली. दांड्याचा कोन फोटोवरून मोजला, नळी कापली, चिकटवली. दाखवला तर, "बरोबर." पुन्हा, "बरोबर." तिसऱ्यांदा टेबलावर थाप.

म्हणजे चूक. पण काय चूक? अर्धा तास गेला. मग त्यांनी काड्यापेटीतून दोन काड्या काढल्या आणि दांड्याच्या टोकापासून खाली चासीपर्यंत दोन्ही बाजूंनी तिरक्या टेकवल्या. आधाराचे गज! फोटोत ते दांड्याच्या मागे लपलेत. ते नसते तर पहिल्याच ओझ्याला दांडा वाकला असता.

शब्द नाहीत, पण डोक्यात गाडी जशीच्या तशी आहे. एवढं कळलं तरी आजचा दिवस सोन्याचा.

९ मार्च, रविवार

गज बसले. दात सरळ करायची तार वापरली. लॅबच्या साहेबांकडे काल वीतभर मागितली होती, त्यांनी अख्खं वेटोळं दिलं. "कुणाच्या दातांना?" म्हणाले. मी म्हटलं, "क्रेनच्या." कारण कळल्यावर संध्याकाळी निघताना झिजलेल्या बारीक बरांचा – दात कोरायच्या टोकांचा – डबाही माझ्या पिशवीत टाकला. घासायला, भोकं पाडायला याहून चांगलं काय मिळणार? किती माणसं किती सहज मदत करतात. मी यांना नुसतं "येते साहेब" म्हणून निघत आले, अकरा वर्षं.

विंचला – दोर गुंडाळायच्या चाकाला – दोर हवा होता. आईकडे गेले. ती तिच्या शिलाई मशीनवर, कुणाच्या तरी पँटी आखूड करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काजाचा दोरा घे. काळा नको, करडा. आणि मेणातून ओढ, तेलकट दिसायला हवा." आईला रंगातलं कळतं.

दुपारभर घरात औषधांखेरीज दुसरा विषय चालला. किती दिवसांनी!

१३ मार्च, गुरुवार

डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. मी माझी गाडी घेऊन लॅबमधून परस्पर जाते, आई-बाबा घरून टॅक्सीनं येतात. टॅक्सीत चढवताना बाबांचा तोल गेला, आईनं सावरलं. तपासून झाल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रयत्न सोडू नका. पण पूर्वीसारखं बोलणं येईल याची फार आशा धरू नका."

म्हणजे दुधाच्या व्हॅनची गोष्ट आता कधी ऐकायला मिळणार नाही. लहानपणी शंभरदा ऐकली असेल. "पाऊस थांबला होता, चिखल होता, व्हॅनचा ड्रायव्हर रडत होता. आम्ही म्हटलं, गप, एक थेंब सांडणार नाही..." बाबा स्वतःला आम्ही म्हणतात. जुन्या लोकांची पद्धत. आई तिथंच कपडे घडी करत बसलेली असायची.

कधी लिहून घेतली नाही. वाटायचं, सांगणारा आहे की समोर.

आज गाडीला हात लावला नाही.

१६ मार्च, रविवार

आज लावला. बाबांनीच खुर्ची टेबलाशी ओढायला लावली.

केबिनच्या आतलं काम. स्टीअरिंग बसवलं, सीट बसवली. बाबांनी बोटानं सीट पुढे ढकलली. मी मागे घेतली. त्यांनी पुन्हा पुढे, अगदी स्टीअरिंगला भिडेपर्यंत. "बाबा, तुमचे गुडघे कुठे मावतील?" मी विचारलं. "बरोबर," म्हणाले, शांतपणे. म्हणजे खरंच बरोबर. पुढेच.

मग काडीचं टोक नखानं मोडलं. दोन मिलिमीटरचा तुकडा. क्लचच्या पेडलवर ठेवला. दुसरा तुकडा ब्रेकवर. तिसरा ॲक्सिलरेटरवर. डाव्या हातानं, तरी तिन्ही नेमके ठेवले.

मी भिंग लावून बघत बसले. पेडलवर ठोकळे? खऱ्या गाडीत दोन इंच जाडीचे होतात. पाय न पोचणाऱ्या माणसासाठी लावतात ते. सहा फुटांच्या माणसाला कशाला?

विचारलं. त्यांनी बोट पलीकडच्या खोलीकडे दाखवलं. पाणी आणलं. "बरोबर!" – ग्लास बाजूला सारला. चष्मा आणला. रेडिओ आणला. शेवटी डोळे मिटून घेतले.

मला वाईट वाटलं. हा त्यांच्या डोक्याचा गोंधळ असेल, असंही मनात आलं. दांड्याच्या वेळी मात्र गोंधळ माझ्या डोक्यात होता. म्हणून ठोकळे चिकटवले. का ते माहीत नाही.

१८ मार्च, मंगळवार

रंगाचा पहिला हात. विटकरी. बाबांना वास आवडला, खिडकी उघडू देईनात.

२० मार्च, गुरुवार

सगळ्यात शेवटचं काम, दारावरची अक्षरं. फोटोत बाबांच्या खांद्याआड नाव लपलंय, दोनच शब्द दिसतात – "आणि मंडळी". एका गाडीची कंपनी, तिलाही "आणि मंडळी". भागीदार तर कुणी नव्हताच. बाबांचा तोरा बघा!

सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास रोखून लिहिलं. "मंडळी"तला ळ दोनदा पुसावा लागला.

२२ मार्च, शनिवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते. पुन्हा "सांगणारा आहे की" असं नको.

गाडी पूर्ण झाली. आईला हाक मारली. ती हात पुसत आली, माझं भिंग उचललं आणि क्रेन नाही, विंच नाही, सरळ केबिनमध्ये बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "क्लचचा ठोकळा याहून जरा जाड होता. मला एवढ्यानं पोचायचं नाही."

मी म्हटलं, "तुला?"

"मग काय यांना? हे खाली उतरून साखळ्या लावायचे, विंच फिरवायचे. गाडीवर कुणी बसायचं? हँडब्रेक धरायचा नाही त्या खटाऱ्याचा. पेडल दाबून कुणीतरी आत हवंच."

"पण ती दुधाची व्हॅन बाबांनी..."

"आम्ही ओढली म्हणायचे ते. आम्ही म्हणजे आम्ही. तू एकटे बाबाच ऐकलेस. दारावर 'आणि मंडळी' काय शोभेला लिहिलं होतं?"

मंडळी. बायको. आणि मी ळ गिरवत बसले होते.

"मग फोटोत तू का नाहीस?"

"आहे की. यांच्या पाठीमागे, खिडकीत. फोटोवाला म्हणाला, बाई, खाली या. म्हटलं, ब्रेकवरचा पाय काढला तर व्हॅन जाईल परत खड्ड्यात. तू काढ फोटो."

सहा वर्षं चालवली, म्हणाली. मग मी झाले, मग घरी शिलाई मशीन आलं. कुणी मना केलं नाही, भांडण नाही, काही नाही. "कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं. "तू तरी कधी विचारलंस?" म्हणाली. रागानं नाही.

बाबांचे डोळे भरले होते. डावा हात आईच्या मनगटावर. रविवारी ते बोट कुणाकडे होतं ते मला आज कळलं, आणि मी त्यांना पाणी देत होते.

जन्मभर दुधाच्या व्हॅनच्या गोष्टीसाठी एकट्या बाबांचे उपकार मानत आले. अर्धे दुसऱ्या पत्त्यावर जायला हवे होते.

२३ मार्च, रविवार

सकाळी आईनं हात पुढे केला. "तुझ्या गाडीची किल्ली दे. गुरुवारपासून यांना डॉक्टरबाईंकडे मी नेईन. टॅक्सी नको आता."

"आई, लायसन्स लागतं."

तिनं मशीनचा खण उघडला. बॉबिनच्या डब्याखाली होतं. फोटो गेल्याच वर्षीचा. एकदाही मुदत संपू दिलेली नाही – एकोणचाळीस वर्षं.