'स्वागत' नावाचा फोटो

३ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तलावातल्या टिबुकली पाखराच्या फोटोला प्रदर्शनात पहिला नंबर! तू पंपघराच्या साहेबांकडे शब्द टाकलास, हमीची सही केलीस, म्हणून माझी ती एकट्याची होडी, कयाक, त्या पाण्यात उतरली, हे विसरलेलो नाही. पायांनी पेडल मारायचं, हात कॅमेऱ्याला मोकळे. वल्ह्यांचा छपछपाट नाही, त्यामुळे पाखरं बुजत नाहीत.

त्रास झाला तो शेवटच्या दिवशी. पाणगवत पेडलने फिरणाऱ्या खालच्या पात्यांत असं गुंतलं की कयाक जागची हलेना. पुढ्यात कुजक्या गवताचा ढीग तरंगत होता. त्याची देठं कापून तो ढकलून दिला, तेव्हा सुटलो. आणि नशीब बघ, तेवढ्यात टिबुकली समोर! चोचीत गवत, नजर थेट माझ्यावर. फोटोला नाव दिलंय 'स्वागत'. सोबत पाठवतोय, पंपघरात लाव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या नंबराने वाढावा.

तुझा,
धाकटा

९ एप्रिल

चि. फोटोग्राफरसाहेबांस,
आशीर्वाद मागाहून. आधी ऐकून घे.

तो ढीग नव्हता रे मूर्खा, घरटं होतं! टिबुकलीचं घरटं तसंच दिसतं. पाण्यावर तरंगतं, देठांना अडकवलेलं असतं, आणि उठून जाताना ती अंड्यांवर ओलं गवत ओढून जाते. तू आलास त्याच दिवशी जेवताना हे सगळं सांगितलं होतं. तू लेन्स पुसत हो हो करत होतास. पालथ्या घड्यावर पाणी!

तू गेल्यावर दुसऱ्या सकाळी पंपाच्या जाळीला गवत अडकलं, म्हणून मी हाताने काढायला गेले. आत पाच अंडी होती, गारढोण. वाऱ्याने सुटलं असेल, असं मनाला समजावलं होतं. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, ते तू कापलं होतंस. पंधरा वर्षं पंप चालवतेय, या पाण्यात कुणाला उतरू दिलं नाही. तुला दिलं, कारण तू माझा भाऊ.

फोटो टेबलावर पालथा ठेवलाय.

ताई

१५ एप्रिल

ती. सौ. ताईस,
नमस्कार.

मी काय राक्षस आहे? अंडी दिसली असती तर हात लावला असता का? बाकीच्या तलावांत लोक इंजिनाच्या बोटी घालतात, त्यांना कुणी बोलत नाही. मी बिनआवाजाचा जातो, तर सगळा राग माझ्यावर! लहानपणापासून माझं काही चांगलं झालं की तुला त्यात खोट दिसते. टिबुकली पुन्हा अंडी घालेल.

एकच सांगणं, साहेबांच्या कानावर घालू नकोस. वर्षभराची परवानगी जाईल आणि पुढचं सगळं काम बुडेल. एवढा लोभ तरी ठेव.

धाकटा

२० एप्रिल

चि. धाकट्यास,

साहेबांना तुझं पत्र येण्याआधीच सांगितलं होतं. तुझी परवानगी रद्द. यापुढे माझ्या सहीवर कुणालाही आत सोडणार नाहीत, तेही बरोबरच आहे. खाली मान घालून ऐकून आले.

आणि दिसली नाहीत म्हणतोस? तुझा तो फोटो आज सुलटा केला. तूही एकदा नीट बघ. चोचीतलं गवत तिने घरट्यासाठी आणलं होतं. घरट्याच्या जागी तुझी कयाक होती. ती तुझं स्वागत करत नव्हती. ती तुझ्याखाली आपलं घर शोधत होती.

तुला आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

ताई

२ मे

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर पहिले दोन दिवस तुला शिव्या घातल्या. मग फोटो नीट बघितला आणि तो उतरवायला प्रदर्शनात गेलो. समोर एक बाई आपल्या मुलीला सांगत होत्या की बघ, पाखरू कसं प्रेमाने बघतंय. तसं बघायला मीच शिकवलं होतं गं.

फोटो उतरवला नाही. 'स्वागत'ची पट्टी फाडली आणि तिथे हाताने लिहिलं की हिचं घरटं मी कापून ढकललं, त्यात पाच अंडी होती, हा फोटो त्यानंतरचा आहे. परीक्षकांनी माझ्यावर तोंडसुख घेतलं आणि नंबर काढून घेतला. फोटो मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तसाच ठेवा म्हणून मी हट्टाला पेटलो, तो राहिला.

तुझी सही मातीत घातली, ती परत कशी मिळवून देऊ ते कळत नाही. रागाव, हवं तेवढं रागाव, पण पत्रातून रागाव. आणि पंपघराच्या खिडकीतून टिबुकली दिसली, तर तेवढं कळव.

तुझा,
धाकटा