वाऱ्यातलं गाऱ्हाणं

मिठबाव,
१२ जानेवारी

चि. दत्तू यास अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

पत्र बघून हसशील. तीन दिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. शेजारचा सहदेव बाजाराला तुझ्या कुडाळला येतो आहे, त्याच्या हाती देते. रेंज असती तरी काय म्हणा, तुझा नंबर मी रागाने कधीच पुसून टाकलाय.

अरे, काय वारा! पौषात असा वारा आईनेही पाहिला नाही, म्हणजे बघ. शुक्रवारी सकाळी चुलीवर पेज ठेवली आणि समुद्राकडून असा आवाज आला की वाटलं, ट्रक अंगणात शिरला. बाहेर येते तर गोठ्याचे दोन पत्रे माडांवरून पार! तुळसाकाकीची कोंबडी हवेत तरंगत आपल्या पडवीत उतरली. अजून इथेच आहे, घरी जायला तयार नाही. कलमांचा मोहोर सगळा खाली. रडायला हवं होतं, पण खरं सांगते, मला आतून नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पन्नाशीची बाई मी, पदर खोचून वाऱ्याला शिव्या देत होते!

मग मागच्या खोलीवर काहीतरी करकरलं. आंबा. तोच.

तीन वर्षांपूर्वी तू करवतवाला घेऊन आलास. "अक्का, ह्यो कललो हा, आवशीच्या खोलीर पडतलो," म्हणालास. बाबांच्या हातचं झाड म्हणून मी बुंध्याला मिठी मारून उभी राहिले. पुढे बोलले ते तुला पाठ असेल. "झाडाक हात लावलंस तर ह्या घराची पायरी चडू नको." तूही एक नंबरचा हट्टी, खरंच चढला नाहीस.

आई त्याच खोलीत. उठ म्हटलं तर म्हणते, "आधी गाऱ्हाणा घाल. देवाक सांगल्याशिवाय मी हलूचंय नाय."

देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषांनी, आणि घरात पुरुषमाणूस नाही. मग मीच नारळ हातात घेऊन ओरडले, "बा देवा म्हाराजा, ह्यो वारो आवर म्हाराजा! आईक सांभाळ, गुरांढोरांक सांभाळ म्हाराजा!"

आता आईने हुंकार द्यायचा, की गाऱ्हाणं पुरं. वर फांद्या कडाकड मोडतायत आणि हिच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघेना!

"माझ्या झिलाचा नाव खंय गेला गो? एक माणूस सुटला तर गाऱ्हाणा पुरा होणा नाय."

दत्तू, तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं, तेही बोंबलून. "माझो भाव दत्तप्रसाद कुडाळाक आसा, तेका सुखरूप ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली आणि उठली. तिला कवेत धरून अंगण गाठलं, तोच मागे धाडकन आवाज झाला. आईच्या खाटेवर बुंधा पडला होता.

तू बरोबर होतास. लिहिलं बघ, हात काही झडला नाही. माझ्या हट्टापायी आई गेली असती.

वर एक वाक्य मी गाळलं. तुझ्या नावापुढे मी आणखी म्हटलं होतं, "आणि तेका घराक येवंदे म्हाराजा." आईने सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" त्यालाच म्हटलं.

बुंधा अजून खोलीतच आहे, कुणाला हात लावू दिला नाही. करवतवाला घेऊन ये.

पायरीचं ते बोलणं मागे घेणारी,
तुझी अक्का
शर्मिला