शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर

४ मार्च

रिपोर्ट आला. मेसोथेलिओमा. नाव तरी बघा! डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं — फुफ्फुसांभोवती पातळ अस्तर असतं, कोटाला असतं तसं. कॅन्सर त्या अस्तराला झालाय. म्हणून पाणी साचतं, दम लागतो. सगळं ऐकून हे म्हणतात कसे, "बाई, हात छान स्थिर आहे तुमचा. वस्तरा धरायला याल का?" जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या, आता डॉक्टरांची भरती!

मग त्या कुठल्याशा धुळीबद्दल विचारू लागल्या, तोच ह्यांना तहान लागली. "अगं, पाणी आण ना." मी येईपर्यंत बोलणं संपलं होतं. पाणी प्यायलेच नाहीत.

९ मार्च

छातीतून दीड लिटर पाणी काढलं. लगेच ह्यांची जीभ सुटली. माझ्या भांगाकडे बघून — "हा रस्ता कुणी खणला? दुकानाचं नाव घालवशील!"

१५ मार्च

दवाखान्यातली पुस्तिका वाचली. ती धूळ ॲस्बेस्टॉसची. तीस-चाळीस वर्षांनी उपटते म्हणे. भट्टीच्या दारांना लावायची दोरी त्याचीच असते. ती तर मी कारखान्यात विणायचे! लग्नानंतर सात वर्षं. आम्ही बायका त्याला नुसता कापूस म्हणायचो. पुढे लिहिलंय — कामगारांच्या कपड्यांतून, केसांतून ती घरच्यांनाही बाधते.

केसांतून.

कारखाना सुटला की मी थेट ह्यांच्या दुकानात. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की मला खुर्चीत बसवायचे, बारीक फणीनं तो पांढरा भुगा काढायचे, मानेवर फुंकर मारायचे. "म्हातारे, बस सरळ." दिवसभरात तेवढा वेळ मला फार आवडायचा. रोज. सात वर्षं.

आणि मला साधा खोकला नाही!

१६ मार्च

"अहो —"
"काय गं?"
"काही नाही. चहा टाकू?"

२२ मार्च

आज सांगणारच. ह्यांची नजर बदलली तर बदलू दे. हे पोटात ठेवून ह्यांना घास भरवणं जमत नाही मला.

२२ मार्च, संध्याकाळ

सांगण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांसाठी फाईल लावायला घेतली. पहिल्याच पानावर — 'धुळीशी संबंध: रुग्णाच्या सांगण्यानुसार, दुकानाच्या छपराचे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे स्वतः कापले.'

दुकानाला पत्रा कधी नव्हताच. वर शिंप्याचं बिऱ्हाड होतं.

फाईल मिटली. केस सोडले, फणी ह्यांच्या हातात दिली आणि पाठ करून बसले. ह्यांनी फणी केसांत घातली. मग म्हणाले, "म्हातारे, बस सरळ."