उपाशी रांग

मशहद, २५ आबान

ती. बाबाजान यांस सादर सलाम, वि. वि.

दोन्ही रांगांच्या डाळिंबांच्या पेट्या पोचल्या. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून कागदावर लिहिते. वसंतात मी नॅनो खताच्या बाटल्या धाडल्या होत्या. त्यात जस्त आणि बोरॉनचे कण इतके बारीक, की पानातून थेट आत जातात. एका रांगेवर ते फवारायचं, शेजारच्या रांगेवर नुसतं पाणी, असं आपलं ठरलं होतं. पण फळांची वजनं केली, तर दोन्ही रांगा सारख्याच. खताचा काही उपयोग नाही, असं मला प्रबंधात लिहावं लागणार. चार वर्षं पाण्यात गेली, बाबा. सरांना आजर महिन्याच्या अखेरीस उत्तर हवंय.

गुडघ्याला जपा. शिडीवर चढू नका म्हटलं तरी चढालच.

आपली,
मेहरअंगीज

सावे, २९ आबान

चि. मेहरअंगीज हिस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. खताचा दोष नाही, माझा आहे. फवारा घेऊन पहिल्या रांगेत शिरलो आणि शेजारची झाडं दिसली. तीही मीच लावलेली. आबगोश्ताचा रस्सा वाढताना तुझ्या आईने कधी कुणाच्या वाडग्यात कमी पडू दिला का? मग मीही अर्धं अर्धं केलं. शेजारच्या बागेतला नादअली हसला, म्हणाला, म्हातारबा, झाडं काय तुझ्यावर रुसणार आहेत? मी म्हटलं, रुसतात.

बाकी काम चोख केलं. अळी शिरू नये म्हणून एकेका फळाच्या तोंडातले सुकलेले केसर हाताने काढले. पण तुझं नुकसान केलं ते केलंच. सरांना माझं नाव सांग.

रागावली असशील, तरी चार ओळी लिही.
तुझा बाबा

मशहद, ८ आजर

ती. बाबाजान यांस सादर सलाम.

रागावले होते. मग तुमचं पत्रच सरांपुढे ठेवलं. त्यांच्या वडिलांचीही बाग होती, पिस्त्याची. वाचून म्हणाले, यांनी हे कळवलं नसतं, तर आपण खत न तपासताच फेकून दिलं असतं. एक वर्ष वाढवून दिलंय.

फुलांच्या दिवसांत मी चाळीस दिवस घरी येतेय. आई गेल्यापासून इतकी कधी राहिलेच नाही. या खेपेला फवारा माझ्या हातात राहील. तुम्ही उपाशी रांगेपाशी खुर्ची टाकून बसा आणि त्या झाडांशी बोला. बोलायला प्रयोगात मनाई नाही.

माझ्यावरचा लोभ मात्र कुणाशी अर्धा अर्धा करू नये, ही विनंती.

आपली,
मेहरअंगीज